लिफाफा, मायना आणि मोर्तब

पत्र लिहिण्याची रीत आपण सर्वजण प्राथमिक शाळेंतच शिकलों. वरती ठिकाण व तारीख, मग मायना, मग मजकूर, शेवटीं सही. आणि हें सर्व झाल्यावर लिफाफ्यावर पत्ता. ह्यांतील मायना ही एक वस्तु व लिफाफा ही दुसरी वस्तु, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती शिक्षक मुद्दाम सांगत नाहींत व विद्यार्थी विचारीत नाहींत. परंतु गेल्या वर्षीं आमच्या हातून जी एक चूक घडली, तिचें मूळ ह्याच उघड गोष्टीच्या विस्मरणांत होतें. ती चूक व तिची दुरुस्ती हाच आमच्या ह्या पाठाचा विषय आहे. विषय संगणकाचा असला तरी ज्यास पोस्टाचें पत्र समजतें त्यास तो समजण्यास अडचण पडूं नये. पालकांनींही तो वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण ती चूक त्यांच्यापैकींच एका घराला भोंवली.

घडलें तें असें. शाळेच्या संगणकखोलींत एका जुन्या यंत्रावर आम्हीं शाळेपुरता मेल सर्व्हर उभारला होता. कार्यालयांतून ग्रंथालयास, ग्रंथालयांतून मुख्याध्यापकांस, अशीं पत्रें त्यावरून सुरळीत जात. तेव्हां आमच्या मनांत आलें कीं, पालकांस सूचनाही ह्याच यंत्रावरून कां पाठवूं नयेत? अक्कलकोट तालुक्यांतील पुष्कळ घरांतील कर्तीं माणसें पोटासाठीं सोलापूर, पुणें, मुंबई किंवा हैदराबाद येथें असतात. मुलें येथें आजी-आजोबांजवळ राहून शिकतात. कागदी चिठ्ठी मुलाच्या दप्तरांतून आजीच्या हातीं जाते व तेथेंच राहते. ई-मेल मात्र थेट बापाच्या हातांतील फोनवर पोहोंचेल, असा आमचा हिशेब होता.

एका शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाची संमति हवी होती व मुदत थोडी होती. आम्हीं सूचना पाठविली आणि निश्चिंत झालों. त्या सूचनांपैकीं कांहीं ज्या सर्व्हरांकडे गेल्या त्यांनीं त्या दारांतूनच परत केल्या. कांहींनीं त्या आंत घेतल्या, पण टाकाऊ पत्रांच्या पेटींत ढकलल्या. पुण्यास बांधकामावर काम करणाऱ्या एका पालकांनीं त्या पेटींतून आमचें पत्र शोधून काढलें व लागलीच उत्तर दिलें : “संमति आहे. अर्ज भरावा.” तें उत्तर आमच्याकडे आलेंच नाहीं. थोड्या वेळानें त्यांच्या फोनवर इंग्रजींत एक मजकूर आला. त्यांस मराठी व कन्नड वाचतां येतें, इंग्रजी येत नाहीं. शाळेनें पोंच दिली असें समजून त्यांनीं फोन खिशांत टाकला. वस्तुतः “हा पत्ता अस्तित्वांत नाहीं, आपलें पत्र पोहोंचविता आलें नाहीं,” असा तो निरोप होता. मुदत संपली. नववींतील त्यांच्या मुलीचा अर्ज गेला नाहीं. बापानें वेळेवर उत्तर दिलें होतें आणि मुलगी पात्र होती. दोष पूर्णपणें आमचा होता.

पत्ता अस्तित्वांत कसा नाहीं? कारण आमच्या यंत्रानें पत्रावर स्वतःचें घरगुती नांव लिहिलें होतें. शाळेच्या चार भिंतींच्या आंत त्या यंत्रास “कचेरी.शाळा.लोकल” असें नांव होतें व प्रत्येक पत्रावर धाडणाऱ्याचा पत्ता “कार्यालय@कचेरी.शाळा.लोकल” असा पडत असे. घरांत ज्यास सारे “बाळ्या” म्हणतात, त्यानें सरकारी अर्जावर “बाळ्या” एवढेंच लिहिलें, तर उत्तर कोणाच्या नांवें यावें? बाहेरच्या जगांत “लोकल” नांवाचें गांव नाहीं. आमच्या शाळेस बाहेरच्यासाठीं वेगळें, रीतसर नोंदलेलें नांव होतें, येथें आपण तें “शाळा.उदाहरण” असें समजूं. पत्र दाराबाहेर पडतांना घरचें नांव पुसून त्या जागीं हें बाहेरचें नांव लिहिणें, ह्यालाच शीर्षलेखांचें पुनर्लेखन म्हणतात.

आतां लिफाफ्याकडे वळूं. ई-मेलचेही दोन भाग असतात. फोनवर पत्र उघडलें असतां वरती “फ्रॉम”, “टू”, “सब्जेक्ट”, “डेट” अशा ओळी दिसतात, ते शीर्षलेख. हा झाला पत्राचा मायना. परंतु सर्व्हर जेव्हां दुसऱ्या सर्व्हरास पत्र देतो, तेव्हां मायना वाचून देत नाहीं. तो आधीं तोंडी सांगतो, “हें पत्र अमक्याकडून आलें आहे,” व “तें तमक्यास द्यावयाचें आहे,” आणि मग सबंध पत्र हवालीं करतो. हें जें तोंडी सांगणें, तोच लिफाफा. वाचकास तो दिसत नाहीं. पत्र मुक्कामीं पोहोंचल्यावर लिफाफा फाडून टाकतात. त्यावरील धाडणाऱ्याचें नांव तेवढें “रिटर्न-पाथ” ह्या ओळींत टिपून ठेवतात. हे दोन भाग दोन वेगळ्या नियमपत्रांत बांधलेले आहेत व दोन्ही नियमपत्रें १९८२ च्या ऑगस्ट महिन्यांतील आहेत. लिफाफ्याचें व देवाणघेवाणीचें जॉन पोस्टेल ह्यांनीं लिहिलें. मायन्याचें डेव्हिड क्रॉकर ह्यांनीं. २००८ सालीं दोहोंच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, तरी लिफाफा व मायना हा भेद तसाच राहिला.

हा भेद कां लक्षांत ठेवावयाचा? पालक जेव्हां उत्तर देतात, तेव्हां तें उत्तर मायन्यांतील पत्त्यावर जातें. परंतु पत्र पोहोंचलें नाहीं, तर परतीची चिठ्ठी लिफाफ्यावरील पत्त्यावर येते. म्हणून एक पत्ता सुधारून दुसरा तसाच ठेवला, तर अर्धी चूक उरतेच. आमच्या बाबतींत आणखी एक गोष्ट झाली. ज्या सर्व्हरांनीं आमचीं पत्रें दारांतून परत केलीं, त्यांचा नकार आमच्या यंत्रास कळला होता, व यंत्रानें इमानानें परतीच्या चिठ्ठ्या तयार करून त्याच घरगुती पेटींत टाकल्या होत्या. ती पेटी कोणीं उघडलीच नव्हती. नियमपत्रांत असें स्पष्ट लिहिलें आहे कीं, पत्रें घेणाऱ्या प्रत्येक डोमेननें “पोस्टमास्टर” ह्या नांवें येणारें पत्र स्वीकारलें पाहिजे. आम्हीं पोस्टमास्टराची पेटी ठेवली होती, पोस्टमास्टर नेमला नव्हता.

पत्ता बदलून लिहिण्याची ही युक्ति नवी नाहीं. अक्कलकोटच्या पोस्टांतही ती चालते. एखादें बिऱ्हाड गांव सोडून गेलें असेल, तर पोस्टमन लिफाफ्यावरील जुना पत्ता खोडून नवा लिहितो व पत्र पुढें जातें. तो लिफाफ्यावर लिहितो, पण आंतील पत्र उघडीत नाहीं. आपल्या भागांत मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगु अशा अनेक लिपींत पत्ते येतात, एकाच नांवाचीं गांवें अनेक असतात; असल्या घोटाळ्यांवर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्यांनीं, जे संस्कृत कवि म्हणूनही प्रसिद्ध होते, पिन कोडाची योजना आंखली, व ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. आपला पिन ४१३२१६. त्यांतील पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवें, मध्य प्रदेश व छत्तीसगड ह्या पश्चिम भागाचा, ४१३ म्हटलें कीं सोलापूरकडील वर्गवारी, आणि शेवटचे तीन आंकडे आपल्या पोस्टाचे. पत्ता कोणत्याही लिपींत असो, आंकडे सर्वांस एकच. दोन प्रकारचे पत्ते ज्या ठिकाणीं एकमेकांस भेटतात, तेथें कोणीतरी दुभाष्या लागतो, हें त्यामागील तत्त्व.

ई-मेलच्या जगांत असा दुभाष्या मुंबईंतच बसला होता. आपल्या देशांत विद्यापीठें व संशोधनसंस्था ह्यांस जोडणारें “अर्नेट” नांवाचें जाळें १९८६ च्या सुमारास विणण्यास आरंभ झाला. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन्सीएस्टी, व पवई येथील आय्आय्टी ह्या दोन संस्थांमध्यें १९८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. डॉ. एस्. रामाणी हे त्या केंद्राचे संचालक होते. पुढें हेंच केंद्र परदेशाकडे जाणाऱ्या पत्रांचें महाद्वार बनलें, आणि १९८९ सालीं भारताचें “.इन” हें नांव त्याच केंद्राकडे सोंपविण्यांत आलें. सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें खुलें केलें. म्हणजे त्यापूर्वीं कित्येक वर्षें मुंबईहून पत्रें जात-येत होतीं. एन्सीएस्टी पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत विलीन झालें.

त्या काळीं पत्ते लिहिण्याच्या दोन रीती होत्या. टेलिफोनवरून रात्रीं एकमेकांस हांक मारणारीं यंत्रें पत्त्यांत सबंध वाट लिहीत व मध्यें उद्गारचिन्ह घालीत : “पुणें!सोलापूर!अक्कलकोट!गोपाळ”. म्हणजे पत्र आधीं पुण्यास द्या, तेथून सोलापुरास, तेथून अक्कलकोटास, मग गोपाळाच्या हातीं. दुसरी रीत रे टॉमलिन्सन ह्यांनीं १९७१ सालीं योजलेल्या “@” ह्या चिन्हाची : “गोपाळ@अक्कलकोट”. हींत वाट सांगावयाची नसते, मुक्काम तेवढा सांगावयाचा. आतां “सोलापूर!गोपाळ@मुंबई” असा मिश्र पत्ता आला, तर पत्र आधीं सोलापुरास न्यावें कीं मुंबईस? एका रीतीनें वाचलें तर एक उत्तर येतें, दुसऱ्या रीतीनें वाचलें तर दुसरें. जीं पत्रें एका जाळ्यांतून दुसऱ्यांत जात, त्यांचे पत्ते सीमेवरील यंत्रास बदलून लिहावे लागत, आणि तेही असे कीं उत्तर उलट्या वाटेनें बरोबर परत यावें. ह्याच कामासाठीं अमेरिकेंतील बर्कली विद्यापीठांत एरिक ऑलमन ह्यांनीं “सेंडमेल” हा कार्यक्रम रचला. तो १९८३ सालीं बाहेर पडला. पत्ते बदलण्याचे नियम हाच त्याचा गाभा होता. ते नियम इतके दुर्बोध असत कीं, भलेभले जाणते लोकही त्यांस हात लावण्यास कचरत. पुढें १९९८ सालीं व्हीट्स व्हेनेमा ह्यांनीं “पोस्टफिक्स” नांवाचा सर्व्हर प्रसिद्ध केला. त्यांत तेंच काम दोन रकान्यांच्या साध्या कोष्टकानें होतें. आमच्या शाळेच्या यंत्रावर हाच पोस्टफिक्स आहे.

पोस्टफिक्समध्यें पत्ता बदलण्याचीं तीन मेजें आहेत असें समजा. पहिलें मेज आंत येण्याच्या दारापाशीं. त्याच्या कोष्टकास “कॅनॉनिकल” म्हणतात. येथें बदल केला तर तो सर्व पत्रांस लागतो, मग पत्र बाहेर जावयाचें असो वा शाळेंतल्या शाळेंत. दुसरें मेज “मास्करेड”चें. तें नांवाचा पुढला तुकडा गाळून टाकतें, जसें “कचेरी.शाळा.उदाहरण” ह्याचें “शाळा.उदाहरण”. ज्या संस्थेंत यंत्रें अनेक पण बाहेरचें नांव एकच, तेथें हें सोयीचें. तिसरें मेज बाहेर पडण्याच्या दारापाशीं. त्याच्या कोष्टकास “जेनेरिक” म्हणतात. येथें केलेला बदल दुसऱ्या सर्व्हराकडे निघालेल्या पत्रांसच लागतो, घरांतलीं पत्रें जशींच्या तशीं राहतात. आणि तो लिफाफा व मायना ह्या दोहोंवरही होतो. आम्हांस नेमकें हेंच हवें होतें.

ज्या विद्यार्थ्यांस हें स्वतः करून पाहावयाचें असेल, त्यांच्यासाठीं क्रम देतों. प्रत्यक्ष फाइलींत हे शब्द रोमन अक्षरांत लिहावयाचे असतात. येथें उच्चार दिले आहेत.

पहिली पायरी, कोष्टक लिहिणें. डाव्या रकान्यांत घरचा पत्ता, उजव्यांत बाहेरचा :

कार्यालय@कचेरी.शाळा.लोकल — कार्यालय@शाळा.उदाहरण
ग्रंथपाल@कचेरी.शाळा.लोकल — ग्रंथालय@शाळा.उदाहरण
@कचेरी.शाळा.लोकल — @शाळा.उदाहरण

(मधील रेघ वाचकांच्या सोयीसाठीं आहे, फाइलींत तेथें नुसती मोकळी जागा सोडावी.) पहिल्या दोन ओळींत संपूर्ण पत्ते आहेत. तिसरींत फक्त डोमेन आहे; ज्यांचीं नांवें वर आलीं नाहींत त्यांच्यासाठीं ती. सर्व्हर आधीं संपूर्ण पत्ता शोधतो, तो न सांपडला तरच नुसत्या डोमेनच्या ओळीकडे येतो. तिसऱ्या ओळीच्या उजव्या बाजूस एखादा संपूर्ण पत्ता लिहिला असता, तर शाळेंतील प्रत्येक माणसाचें पत्र त्या एकाच माणसाचें म्हणून बाहेर गेलें असतें. म्हणून ही ओळ लिहितांना विशेष सावध असावें.

दुसरी पायरी, “पोस्टमॅप” ही आज्ञा देऊन कोष्टकाची अनुक्रमणिका बनविणें. कोष्टकांत अक्षर जरी बदललें, तरी ही आज्ञा पुन्हां द्यावी लागते. नवशिक्ये हें विसरतात व सर्व्हर जुनेंच वाचीत बसतो. तिसरी पायरी, “मेन.सीएफ” ह्या मुख्य फाइलींत “एस्एम्टीपी जेनेरिक मॅप्स” ह्या नांवापुढें कोष्टकाचें ठिकाण लिहिणें. चवथी, सर्व्हरास फाइली पुन्हां वाचावयास सांगणें. पांचवी व सर्वांत महत्त्वाची पायरी, परीक्षा घेणें. आपल्याच बाहेरच्या पेटीकडे एक पत्र धाडावें, तेथें “मूळ संदेश” उघडून “फ्रॉम” व “रिटर्न-पाथ” ह्या दोन्ही ओळी पाहाव्या. त्या पत्रास उत्तर देऊन तें शाळेंत पोहोंचतें कीं नाहीं तें पाहावें. आणि जाणूनबुजून एका नसलेल्या पत्त्यावर पत्र धाडून परतीची चिठ्ठी आपल्या हातीं येते कीं नाहीं हेंही पाहावें. ह्यांपैकीं एकही परीक्षा आम्हीं पहिल्या वेळीं घेतली नव्हती.

एवढें केल्यावर उत्तरें येऊं लागलीं. परंतु पत्रें कित्येकांच्या टाकाऊ पेटींतच पडत राहिलीं. ह्याचें कारण शोधण्यास आम्हांस दोन शनिवार लागले, आणि तें सांपडलें तेव्हां मराठी दफ्तराची आठवण झाली.

जुन्या मराठी राजपत्रांच्या माथ्यावर शिक्का असे व मजकूर संपतो तेथें मोर्तब असे. मोर्तब झालें म्हणजे पत्र पुरें झालें. त्यापुढें कोणीं एखादी ओळ घुसडली तर ती खोटी हें पाहतांच कळे. ई-मेलासही असें मोर्तब असतें. त्यास डीकेआय्एम् म्हणतात. त्याचें नियमपत्र २००७ सालीं निघालें. धाडणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावरून व निवडक शीर्षलेखांवरून गणित करून, आपल्याजवळील गुप्त किल्लीनें एक खूण तयार करतो व पत्राच्या माथ्यावर लावतो. त्या किल्लीचा उघडा जोडीदार डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत ठेवलेला असतो. त्याच्या साह्यानें कोणाही घेणाऱ्यास खूण ताडून पाहतां येते. ज्या शीर्षलेखांवर मोर्तब होतें त्यांत “फ्रॉम” असलाच पाहिजे असा नियम आहे. मोर्तब झाल्यावर “फ्रॉम”मध्यें फेरफार झाला, कीं खूण जुळत नाहीं.

आमच्या यंत्रावर झालें होतें तें नेमकें हेंच. मोर्तब करणारा कार्यक्रम पत्र आंत येतांच आपलें काम करी, आणि नांव बदलणारें मेज तर बाहेरच्या दारापाशीं! म्हणजे कारकुनानें आधीं मोर्तब केलें आणि मग दारावरच्या शिपायानें सही बदलली. घेणाऱ्यास तें पत्र वाटेंत कोणीतरी बिघडविलेलें दिसे, व त्यांत त्याची कांहींच चूक नव्हती. उपाय साधा निघाला. आंतील यंत्रानें नांव बदलून पत्र बाहेरील दुसऱ्या यंत्राकडे द्यावें, व मोर्तब त्या शेवटच्या यंत्रानें करावें. आधीं लेखन, मग मोर्तब. हा क्रम पेशव्यांच्या फडावरील कारकुनास सांगावा लागला नसता.

मोर्तबाच्या जोडीस आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली एस्पीएफ्. आमच्या नांवानें पत्रें धाडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांस आहे, ह्याची यादी डोमेनच्या नोंदींत ठेवावयाची. घेणारा ती लिफाफ्यावरील नांवाशीं ताडून पाहतो. दुसरी डीमार्क, हिचें नियमपत्र २०१५ चें. मायन्यांतील “फ्रॉम”चें डोमेन हें लिफाफ्याच्या अथवा मोर्तबाच्या डोमेनशीं जुळलें पाहिजे, न जुळल्यास पत्राचें काय करावें, हें ती सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू ह्यांनीं मोठ्या संख्येनें पत्रें धाडणाऱ्यांस ह्या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या; लहान धाडणाऱ्यांनींही निदान पहिल्या दोहोंपैकीं एक तरी पाळावी असा जीमेलचा दंडक आहे. आमच्या शाळेच्या डोमेनची यादी रिकामी होती. ती भरली, क्रम सुधारला, आणि पत्रें योग्य पेटींत पडूं लागलीं.

येथें एक प्रश्न सूज्ञ विद्यार्थ्याच्या मनांत येईल. जर सर्व्हर “फ्रॉम” बदलूं शकतो, तर मग कोणाच्याही नांवानें पत्र धाडतां येईल कीं काय? होय, १९८२ च्या नियमांत त्यास अडथळा नव्हता. मायन्यांत कोणतेंही नांव लिहिलें तरी पोस्टमन विचारीत नाहीं, तसेंच तें होतें. बँकेच्या नांवानें, मुख्याध्यापकांच्या नांवानें, आपल्या चुलत्याच्या नांवानें येणारीं फसवीं पत्रें ह्याच वाटेनें येत, व जेथें वरील तपासणी होत नाहीं तेथें अद्यापि येतात. त्यामुळेंच पुढील तीन बंधनें निर्माण झालीं. जें साधन आम्हीं मुलीच्या बापाचें उत्तर शाळेंत यावें म्हणून वापरलें, तेंच साधन दुसरा कोणी तिच्या बापास लुबाडण्यासाठीं वापरूं शकतो. कोष्टक दोघांचें सारखेंच दिसतें.

म्हणून काय बदलावें व काय बदलूं नये, ह्याचे चार नियम आम्हीं संगणकखोलीच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत. एक : आपल्याच घरच्या नांवाऐवजीं आपलेंच बाहेरचें नांव लिहावें, दुसऱ्याच्या नांवास हात लावूं नये. दोन : जें नवें नांव लिहिलें, त्यावर उत्तर धाडलें असतां तें त्याच माणसाच्या हातीं आलें पाहिजे. तीन : “रिसीव्ह्ड” ह्या ओळी खोडूं नयेत. पत्र ज्या ज्या सर्व्हरांतून जातें, तो तो आपली एक ओळ माथ्यावर चढवितो, जसे पोस्टांत टपालशिक्के पडतात. कित्येक जण घरांतील यंत्रांचीं नांवें बाहेर दिसूं नयेत म्हणून ह्या ओळी गाळतात. परंतु आधीं पडलेली ओळ बदलूं अगर काढूं नये असें नियमपत्र सांगतें. आणि पत्र गोल गोल फिरूं लागलें तर तें ओळखण्याचें साधनही ह्याच ओळी मोजणें हें आहे. पोस्टफिक्स पन्नासापर्यंत मोजतो व मग पत्र परत करतो. चार : “मेसेज-आयडी” ही पत्राची जन्मखूण, ती तशीच राहूं द्यावी, तिच्यावरूनच उत्तर कोणत्या पत्राचें हें जुळतें.

एक आनंदाची गोष्टही सांगूं. २०१२ सालच्या नियमपत्रांनीं ई-मेलच्या पत्त्यांत रोमनेतर अक्षरांस जागा दिली, आणि २०१४ सालीं “.भारत” हें देवनागरी डोमेन खुलें झालें. पोस्टफिक्सनेंही २०१५ पासून असे पत्ते स्वीकारले. म्हणजे वर आम्हीं उदाहरणादाखल देवनागरींत लिहिले तसे पत्ते प्रत्यक्षांतही असूं शकतात. अडचण एवढीच कीं, वाटेंतील एखाद्या सर्व्हरास ही नवी रीत ठाऊक नसेल, तर तो पत्र परत करतो. अक्कलकोटच्या आजीबाईस मराठींत पत्ता सांगतां येईल तो दिवस जवळ आहे, पण तोंवर दोन्ही लिपींतील पत्ता जवळ ठेवावा.

असो. आतां शाळेची पोस्टमास्टराची पेटी रोज सकाळीं प्रार्थनेनंतर उघडली जाते. दहावींतील दोन विद्यार्थी पाळीपाळीनें ती पाहतात, परत आलेल्या प्रत्येक पत्राची नोंद वहींत करतात, आणि ज्या घरीं पत्र पोहोंचलें नाहीं तेथें त्याच दिवशीं फोन करतात. सूचनेच्या शेवटीं मराठींत व कन्नडांत एक ओळही घातली आहे : उत्तर पाठविल्यावर शाळेची पोंच दोन दिवसांत मराठींत न आली, तर आपलें उत्तर आम्हांस मिळालें नाहीं असें समजावें व फोन करावा. यंत्राच्या दुरुस्तीपेक्षां ह्या ओळीचा उपयोग अधिक झाला आहे.

ती मुलगी आतां दहावींत आहे. तिच्या वडिलांस आम्हीं समक्ष भेटून घडलें तें सांगितलें, व त्या वर्षाची फी शिक्षकांनीं आपसांत वांटून भरली. तरी शिष्यवृत्तीचा मान तिला त्या वर्षीं मिळाला नाहीं, आणि तो आमच्याच्यानें भरून देववला नाहीं. यंदा अर्जाची सूचना गेली, त्या सायंकाळीं पहिलें उत्तर पुण्याहून आलें. त्यांत तेच दोन शब्द होते : “संमति आहे.” पाळीवरच्या विद्यार्थ्यानें तें मोठ्यानें वाचलें. पाळी त्या दिवशीं तिचीच होती.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. लिफाफ्यावरील व मायन्यांतील धाडणाऱ्याचा पत्ता वेगवेगळा असेल, तर उत्तर कोठें जाईल व परतीची चिठ्ठी कोठें जाईल?

२. कॅनॉनिकल व जेनेरिक ह्या दोन कोष्टकांतील भेद एका उदाहरणानें सांगा.

३. “फ्रॉम” बदलण्याआधीं मोर्तब केलें तर काय बिघडतें? बदलल्यानंतर केलें तर तें कां बिघडत नाहीं?

४. आपल्या घरीं आलेल्या एखाद्या ई-मेलचा मूळ संदेश वडील माणसांच्या परवानगीनें उघडा. त्यांत किती “रिसीव्ह्ड” ओळी आहेत त्या मोजा, व पत्र कोणत्या वाटेनें आलें तें खालून वर वाचून लिहा.